वेठ, बिगार आणि उचल

एसटीचा संप सुरू झाला की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो : प्रवासी वेठीस. डॉक्टरांचा संप असेल तर रुग्ण वेठीस, शिक्षकांचा असेल तर विद्यार्थी वेठीस. शेकडो वर्षं या शब्दाने राबणाऱ्याची अवस्था सांगितली. आता राबणाऱ्याने काम थांबवलं की तोच शब्द त्याच्यावर उगारला जातो. ओलीस धरणं एवढाच अर्थ आपल्या कानाला उरलाय. वेठ म्हणजे नेमकं काय, ती कुणी कुणाकडून घ्यायची, आणि आपण ज्याला सरंजामशाही म्हणतो तिच्याशी तिचं नातं काय, हे प्रश्न मात्र बऱ्यापैकी धूसर झालेत.

हा आढावा किरनापूरच्या बाजूने घ्यायला एक कारण आहे. किरनापूर हे बालाघाट जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव, आणि शेजारचा जिल्हा गोंदिया. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता आणि त्याची राजधानी नागपूर. पुढे राज्यांची फेररचना झाली, गोंदियाची बाजू मुंबई राज्यात आली, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. इथे पोवारी, गोंडी, मराठी, हिंदी एकाच बाजारात ऐकू येतात. म्हणून मराठीची ‘वेठ’ आणि हिंदीची ‘बेगार’ दोन्ही इथल्या कानाला परक्या नाहीत, आणि तेलुगूची ‘वेट्टी’सुद्धा फार लांब नाही.

शब्दाचं मूळ सांगायला सोपं आहे. संस्कृत ‘विष्टि’, प्राकृतात ‘विट्ठि’ किंवा ‘वेट्ठि’, त्यातून मराठी आणि गुजराती ‘वेठ’. तेलुगूत ‘वेट्टी’, आणि ‘वेट्टी चाकिरी’ हे दोन शब्द तर तेलंगणाच्या 1946 ते 1951 च्या सशस्त्र लढ्याचं एक कारणच होऊन बसले. कन्नडात ‘बिट्टी’ म्हणजे फुकट. तमिळमध्ये ‘वेट्टी’ म्हणजे व्यर्थ, बिनकामाचं. आणि हाच शब्द चोळ राजांच्या शिलालेखांत सक्तीच्या श्रमासाठी पुन्हापुन्हा येतो. ‘बेगार’ मात्र फारसीतून आली. मराठीने तिची ‘बिगार’ केली आणि दोन्ही शब्द जोडून ‘वेठबिगार’ असा जोडशब्द तयार केला. कागदपत्र, बाजारहाट असे जोड आपण करतो, तसाच हा : एक देशी, एक फारसी, अर्थ तोच. त्यातला ‘बिगारी’ पुढे सुटा झाला. आज बांधकामावरचा अकुशल मजूर तो बिगारी, आणि महापालिकेत तर बिगारी हे रीतसर पद आहे, पगारासकट. ज्या शब्दात पगार नसणं हाच अर्थ होता त्याला वेतनश्रेणी मिळाली, ही भाषेची गंमत.

पण मुळाशी एक फरक होता, तो मला महत्त्वाचा वाटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दास वेगळा, गहाण टाकलेला माणूस म्हणजे ‘आहितक’ वेगळा, मजुरीवरचा ‘कर्मकर’ वेगळा आणि ‘विष्टि’ वेगळी. विष्टि हे राजाचं येणं होतं. कर धान्यात घ्यायचा तसा तो अंगमेहनतीत घ्यायचा. सैन्याच्या मुक्कामाची जागा साफ करणं, रस्ते, विहिरी आणि नदीउतार ठीक करणं, शस्त्रं आणि सामान वाहणं ही विष्टीची कामं म्हणून नोंदलेली आहेत. त्यात कुणाचं कर्ज नव्हतं, करार नव्हता. तुम्ही त्या गावात किंवा त्या जातीत जन्मलात, एवढं पुरे होतं.

विष्टि घेणं किती रूढ होतं हे कळतं ते ती न घेतल्याच्या बढाईवरून. जुनागढच्या शिलालेखात, इसवी सन 150 च्या सुमारास, रुद्रदामन सांगतो की फुटलेला सुदर्शन तलाव आपण स्वतःच्या खजिन्यातून बांधला; नगरातल्या आणि खेड्यातल्या लोकांना कर, विष्टि आणि ‘प्रणय’ नावाच्या सक्तीच्या देणगीने छळलं नाही. छळलं नाही हे दगडावर कोरावं लागतं, यातच बाकीच्या राजांचा रिवाज आला.

आपल्या भागाकडे यायचं तर वाकाटक राजे. प्रवरसेन दुसरा याचा एक ताम्रपट बालाघाट जिल्ह्यातल्याच तिरोडीला सापडला, जिथे आज मॅंगनीजच्या खाणी आहेत. बालाघाटचा म्हणून ओळखला जाणारा दुसरा ताम्रपट पृथिवीषेण दुसऱ्याचा. त्यात वंशावळ कोरून झाली आणि दानाचा मजकूर राहूनच गेला. वा. वि. मिराशींनी या सगळ्या लेखांचा संग्रह 1963 साली प्रसिद्ध केला. त्यातला अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकचा ताम्रपट वाचण्यासारखा आहे. प्रवरसेनाने एक गाव हजार ब्राह्मणांना दिलं आणि त्या गावाला कोणकोणत्या जाचातून सोडवलं त्याची यादी दिली. सैनिक आणि सरकारी माणसं गावात शिरणार नाहीत. पाळीपाळीने बैल द्यायचे नाहीत. फुलं आणि दूध पुरवायचं नाही. फिरतीवरच्या अधिकाऱ्याला चारा, बसायला कातडी आणि शेगडीला कोळसा द्यायचा नाही. आणि शेवटी, सगळ्या विष्टीतून मुक्ती.

ही यादी मला दानाच्या पुण्यापेक्षा मोलाची वाटते, कारण माफीची यादी म्हणजे सक्तीचीच यादी. ज्या गावांना असा पट्टा मिळाला नाही, तिथे बैल, दूध, कातडी, कोळसा हे सगळं चालूच होतं. दीड हजार वर्षांनंतर इंग्रज साहेब दौऱ्यावर निघायचा तेव्हा तंबू वाहायला माणसं, घोड्याला गवत, स्वयंपाकाला लाकूड, दूध, कोंबड्या गावाने पुरवायच्या. त्याचं नाव रसद-बेगार. वस्तूही जवळजवळ त्याच.

इथे इतिहासकारांचा एक गाजलेला वाद आडवा येतो. राजाने गावाला आपल्या विष्टीतून सोडवलं, म्हणजे वेठ संपली की दान घेणाऱ्याकडे गेली? वलभीच्या मैत्रक राजांच्या दानपत्रांत तर ‘उत्पन्न होणाऱ्या विष्टीसकट’ गाव दिल्याचं स्पष्टच लिहिलेलं असतं. म्हणजे जमीन, झाडं, गुप्तधन यांच्याबरोबर लोकांच्या राबण्यावरचा हक्कही हातबदल झाला. रामशरण शर्मांनी 1965 च्या आपल्या पुस्तकात याच धाग्यावर भारतीय सरंजामशाहीचा सिद्धांत उभा केला. त्याआधी दामोदर धर्मानंद कोसंबींनी 1956 मध्ये वरून लादलेली आणि खालून उगवलेली अशी सरंजामशाहीची दोन रूपं सांगितली होती. नंतर हरबंस मुखियांनी मुळालाच हात घातला. युरोपातल्या भूदासाचं वैशिष्ट्य असं की आठवड्यातले ठरावीक दिवस त्याला मालकाच्या शेतात राबावं लागे. मालकाचं पीकच त्या श्रमावर उभं असे. भारतात सक्तीचे श्रम होते, पण ते ओझी वाहायला, रस्ते करायला, सरदाराच्या घरची कामं करायला. शेतकरी आपलं शेत आपल्या नांगराने पिकवत होता आणि त्यातला मोठा वाटा सारा म्हणून जात होता. मग याला त्याच अर्थाने सरंजामशाही म्हणावं का, हा मुखियांचा प्रश्न.

मला या वादात मुखियांचं पारडं जड वाटतं. मराठेशाहीतली वेठ पाहिली तरी तेच दिसतं. जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातल्या मराठी कागदांवरून वेठबेगारीवर लिहिलं. किल्ल्याची डागडुजी, गवत कापणं, लाकूड आणणं, सरकारी ओझी गावोगाव पोचवणं, अशी कामं. भार सगळ्यांत जास्त महारांवर. ही वेठ वतनाच्या रूपाने इंग्रजी राजवटीतही चालू राहिली. थोडीशी जमीन आणि गावाकडून धान्याचं बलुतं, आणि त्या बदल्यात दिवस-रात्र केव्हाही हाक येईल तेव्हा सरकारी काम. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच गोष्टीवर बोट ठेवून. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडलं.

पण शर्मा आणि मुखिया दोघांच्याही चर्चेत न मावणारी एक गोष्ट आमच्या या पट्ट्यात झाली. नागपूरकर भोसल्यांच्या काळात पाटील हा सारा गोळा करून भरणारा माणूस होता. 1854 मध्ये नागपूर खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत बनला आणि 1860 च्या दशकातल्या जमाबंदीत सरकारने याच माणसाला गावाचा मालक करून टाकलं. तो झाला मालगुजार. बालाघाट जिल्हा तयार झाला तोही याच सुमारास, 1867 मध्ये. मालगुजाराच्या स्वतःच्या शेतीला ‘सीर’ म्हणत. आणि मालगुजारी गावांत कुळांनी मालकाच्या सीरवर नांगर घेऊन जायचं, पिकाच्या वेळी माणूस द्यायचा, असा रिवाज चाले. गावाच्या चालीरीती नोंदण्यासाठी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा सरकारी कागद होता, त्यामुळे रिवाजाला लेखी रूप यायला वेळ लागत नसे.

म्हणजे मालकाच्या शेतात कुळाने फुकट राबणं हे युरोपातल्या भूदासाशी सगळ्यांत मिळतंजुळतं रूप इथे मध्ययुगात फारसं दिसत नाही. ते ठसठशीत होतं मालकी हक्काच्या इंग्रजी जमाबंदीनंतर. आपण सरंजामी अवशेष म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्यातला बराच भाग एकोणिसाव्या शतकातला, नव्या कायद्याने घडवलेला आहे. छत्तीसगडातली ‘बेठ-बेगार’ त्याच जातीची. तिकडे मुंडा मुलखातही ‘बेठ-बेगारी’ हाच शब्द होता, आणि बिरसा मुंडाच्या उठावानंतर आलेल्या 1908 च्या छोटा नागपूर कूळकायद्याला तिच्यावर बंधनं घालावी लागली. बस्तरच्या 1910 च्या ‘भूमकाल’ उठावामागेही बेगार हे एक मोठं कारण होतं.

वर्षाकाठी दोन-चार दिवसांची नांगरट, ती काय एवढी, असं कागद वाचणाऱ्याला वाटतं. धानाची शेती केलेल्याला वाटणार नाही. मृगाचा पहिला दणदणीत पाऊस पडला की बांध्यांमध्ये ओल धरलेली असते तेवढ्या दिवसांत नांगर फिरला पाहिजे. त्याच दिवसांत मालकाचं बोलावणं येतं. आधी सीर, मग कुळाचं रान. चार दिवसांनी ऊन पडलं आणि जमीन आवळली की बैलही थकलेले आणि वाफसाही गेलेला. वेठीची किंमत फुकट गेलेल्या मजुरीत मोजली तर ती नेहमी कमी भरते. ती मोजायची तर उशिरा पेरलेल्या धानात मोजावी लागेल.

मालगुजारी संपली 31 मार्च 1951 ला. मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने मालकी हक्क गेले. भंडारा-गोंदियाकडे अजून ‘मामा तलाव’ म्हणतात ते याच ‘माजी मालगुजारी’चं लघुरूप. मालगुजार शब्द तलावापुरता उरला, मालगुजाराबरोबर नांगराची वेठही गेली. हा कायदा खरोखर लागला, एवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे.

युरोपातही हा शब्दांचा प्रवास असाच वाकडातिकडा आहे. इंग्रजीत भूदासाला ‘सर्फ’ म्हणतात, तो लॅटिनमधल्या गुलामासाठीच्या शब्दातून आला. चेक भाषेत सरदाराच्या शेतावरच्या वेठीला ‘रोबोटा’ म्हणत. हाब्सबुर्ग साम्राज्यात ती 1848 मध्ये संपली. कारेल चापेकने 1920 मध्ये नाटकातल्या कृत्रिम कामगारांसाठी नाव शोधताना त्याच्या भावाने हा शब्द सुचवला, आणि जगाला ‘रोबो’ मिळाला. मराठीत आपण त्याला यंत्रमानव केलं. वेठ्या म्हणालो असतो तर मुळाला जास्त धरून झालं असतं.

आता दुसरा धागा, जो कौटिल्याने वेगळा ठेवला होता आणि आपण वेठीत मिसळून टाकला : कर्जापायी बांधला गेलेला माणूस. इथे राजा नाही, गाव नाही. एक सावकार-जमीनदार आणि एक घर. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे काढणारा ‘लग्नगडी’ होई. त्याची बायकोही त्याच घरी राबू लागे आणि हिशेब मालकाच्या वहीत असल्यामुळे कर्ज कधी फिटत नसे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने सरकारला दिलेल्या अहवालात ही अवस्था नोंदली गेली. 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ आणि लग्नगडी दोन्ही बंद करण्याची हाक दिली. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याजवळ जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, पाच जण मेले. पण वारल्यांनी त्या वर्षी जमीनदाराच्या घरी फुकट जाणं थांबवलं ते थांबवलंच. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचं पुस्तक याच लढ्याचं.

दक्षिण गुजरातेत हाच माणूस ‘हाली’, बिहारात ‘कामिया’, निजामाच्या मुलखात ‘भागेला’. कामियांच्या करारांवर 1920 मध्ये बिहार-ओरिसात कायदा झाला, भागेल्यांसाठी निजामाने 1936 मध्ये नियम केला. दोन्ही कायद्यांचा भर करारावर होता. पण बहुतेक ठिकाणी करार लिहिलेला नसे.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने 23 व्या अनुच्छेदात दोन्ही धागे एकत्र आणले. माणसांचा व्यापार, बेगार आणि तशाच प्रकारचे सक्तीचे श्रम यांना मनाई. इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा शब्द तसाच ठेवला आहे. पण त्या मनाईला दात आले ते पंचवीस वर्षांनी. आणीबाणीत, ऑक्टोबर 1975 मध्ये अध्यादेश निघाला आणि 1976 मध्ये वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा झाला. आणीबाणीबद्दल कुणाचं काही मत असो, त्या काळातला हा कायदा चांगला लिहिलेला आहे. करार लेखी नसला तरी चालेल, स्थानिक रूढीनुसार असा करार आहे असं गृहीत धरलं जाईल, असं तो म्हणतो, आणि पुढे देशभरातल्या प्रथांची नावं मांडतो : बारामासिया, बेठू, भागेला, हाली, हरवाई, जीथा, कामिया, पालेरू, सागरी… आणि शेवटी वेट्टी. ‘वेठ’ त्यात नाही, लग्नगडीही नाही.

यादीने मदत झाली तशी अडचणही झाली. ज्याला नाव आहे ते दिसतं. 1978 च्या सुमारास गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांनी दहा राज्यांत पाहणी केली आणि 26 लाखांवर वेठबिगार असल्याचा अंदाज दिला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने साधारण त्याच काळात सोळा राज्यांसाठी सांगितलेला आकडा होता 3 लाख 45 हजार. राज्यं जास्त आणि माणसं सातपटीने कमी! एवढा फरक मोजणाऱ्यांच्या आळसाने पडत नाही; तो व्याख्येने पडतो. सर्वोच्च न्यायालयाने ही व्याख्या 1982 च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात रुंद केली. भुकेमुळे किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम पत्करावं लागणं हीसुद्धा सक्तीच, असं न्यायमूर्ती भगवतींनी म्हटलं. न्यायालयात तसं ठरलं तरी तहसील कचेरीत अजूनही वेठबिगार म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो सिनेमातला मिशीला पीळ देणारा जमीनदार.

आणि तसा जमीनदार आता सापडत नाही. सापडतो तो मुकादम, ठेकेदार, भट्टीवाला. बीडकडून निघणाऱ्या ऊसतोड जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून ‘उचल’ घ्यायची, ती ऊस तोडून फेडायची, आणि न फिटलेली पुढच्या हंगामावर टाकायची. रायगड-ठाण्यातले कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर अशाच आगाऊ रकमेवर कुटुंबासह जातात. किरनापूर-लांजीकडून धान कापून झाल्यावर ठेकेदाराबरोबर नागपूर, हैदराबादकडे बांधकामाला जाणारी माणसं आहेत. यातला प्रत्येक जण वेठबिगार नाही, आणि सरसकट तसं म्हणणं म्हणजे स्वतःच्या मर्जीने चांगल्या मजुरीसाठी जाणाऱ्यावर अन्याय. पारख एकाच गोष्टीची करायची : मध्येच काम सोडून घरी जायचं ठरवलं तर त्याला जाता येतं का? उचल फिटेपर्यंत जाता येत नसेल, दुसरीकडे जास्त मजुरी मिळत असूनही जाता येत नसेल, तर कायद्याच्या व्याख्येत तो बसतो. त्याला साखळदंड घातलेला असण्याची गरज नाही.

कायद्याच्या 15 व्या कलमात एक तरतूद आहे. एखाद्या मजुराने आपलं कर्ज हे वेठबिगारीचं कर्ज आहे असं म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे. व्यवहारात कचेरीतला पहिला प्रश्न मजुरालाच असतो : कागद आहे का?

सुटकेनंतरचं दुखणं मध्य प्रदेशाला जुनंच माहीत आहे. 1982 मध्ये फरिदाबादच्या दगडखाणींतून सोडवलेल्या सुमारे 135 मजुरांना तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी आणून सोडलं. सहा महिन्यांनी पत्रकार नीरजा चौधरी तिथे गेल्या तेव्हा पुनर्वसन म्हणून त्यांना काहीच मिळालेलं नव्हतं. त्यांच्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शोधणं, सोडवणं आणि पुनर्वसन ही तिन्ही सरकारची कर्तव्यं आहेत. 1978 मध्ये पुनर्वसनाची मदत 4,000 रुपये होती, 2000 मध्ये 20,000 झाली, 2016 मध्ये प्रौढ पुरुषासाठी 1 लाख आणि स्त्रिया-मुलांसाठी 2 लाख. फक्त 2016 च्या योजनेत पूर्ण रक्कम मालकावर गुन्हा शाबीत होण्याशी जोडली होती. खटला चालतो जिथे मजूर राबत होता त्या जिल्ह्यात, आणि पैसे हवे असतात त्याच्या गावी, बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यात.